लेबलाजवळची शेवटची चार मिनिटं

ख्यालगायनाची एखादी एलपी लावून बसा. सुई बाहेरच्या कडेला टेकते तेव्हा विलंबित सुरू होतो. बढत सावकाश होत जाते, तानपुरे स्वच्छ ऐकू येतात, सगळं छान चाललेलं असतं. मग द्रुत बंदिश येते, लय चढते, ताना सुरू होतात. तोवर सुई सरकत सरकत लेबलापाशी आलेली असते आणि नेमका तिथेच आवाज फाटायला लागतो. 'स' आणि 'श' फिस्कारल्यासारखे येतात, तारसप्तकातला आकार चरचरतो, तानेतले स्वर एकमेकांत कालवले जातात. सतारीची रेकॉर्ड असेल तर शेवटच्या जलद 'झाला' वादनाची तीच गत. आपण म्हणतो, रेकॉर्ड झिजली.

माझ्याकडे वडिलांच्या वेळची एक एलपी आहे, तिच्याबद्दल मी कितीतरी वर्षं हेच म्हणत होतो. टर्नटेबल दुकानातून कार्ट्रिज, म्हणजे सुई असलेली छोटी पेटी, बसवूनच आलं होतं, त्यामुळे ते बरोबर बसलेलं असणार असं मी धरून चाललो. आमच्या ओळखीतले एक काका, आयुष्यभर रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त केलेले, एकदा घरी आले. त्यांनी गाणं मध्येच थांबवलं, चष्मा कपाळावर सरकवला, कार्ट्रिज जिथे बसतं त्या हेडशेलला नाक लावून पाहिलं आणि म्हणाले, "अरे, तुझी सुई दोन-अडीच मिलिमीटर मागे बसलीय. रेकॉर्डला कशाला नावं ठेवतोस?" दोन स्क्रू ढिले केले, कार्ट्रिज पुढे सरकवलं, पुन्हा कसलं. द्रुतातल्या ताना दाणेदार ऐकू आल्या. त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागलो.

आधी एक प्रश्न: कडेला नीट वाजणारी रेकॉर्ड लेबलाजवळच का बिघडते?

एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, मग सुई कुठेही असो. पण बाहेरचा फेरा मोठा आणि आतला लहान. सर्वांत बाहेरच्या खाचेत सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते, अगदी आतल्या खाचेत फक्त २१. म्हणजे बाहेर जे गाणं ऐसपैस मावत होतं, ते आत निम्म्याहूनही कमी जागेत दाटीवाटीनं बसवलेलं असतं. १०,००० हर्ट्झचा आवाज घ्या. 'स'च्या फुत्कारात इतक्या उंच पट्टीतला आवाज असतोच. बाहेरच्या खाचेत त्याची एक लाट ५१ मायक्रॉन लांब असते, आतल्या खाचेत २१ मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. साध्या गोल टोकाच्या सुईची त्रिज्या १८ मायक्रॉनच्या आसपास असते. एवढं जाडं टोक २१ मायक्रॉनच्या लाटेच्या आत शिरणार कसं? ते वरच्यावर घासत पुढे जातं. लंबगोल टोकाच्या सुईची कडेची त्रिज्या ८ मायक्रॉनपर्यंत खाली आणलेली असते, ती बरीच आत शिरते. त्याहून बारीक घडणीच्याही सुया आहेत: जपानच्या जेव्हीसी कंपनीतल्या नोरिओ शिबाता यांच्या नावानं ओळखली जाणारी शिबाता, किंवा मायक्रोलाइन. पण सुई जितकी बारीक, तितकी ती वाकडी बसलेली खपवून घेत नाही. गोल टोक थोडं तिरकं बसलं तरी गोलच राहतं. लंबगोल टोक तिरकं बसलं की त्याची एक कड पुढे जाते, दुसरी मागे राहते आणि खाचेच्या दोन भिंती वेगवेगळ्या क्षणी वाचल्या जातात. महागडी सुई घेऊन घाईत बसवणाऱ्याची निराशा होते, ती यामुळे.

त्या दोन भिंतींबद्दल थोडं. स्टिरिओ एलपीची खाच इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी असते, दोन्ही भिंती ४५ अंशांत कललेल्या. लेबलाकडच्या भिंतीवर डावा आवाज कोरलेला असतो, बाहेरच्या भिंतीवर उजवा. इंग्लंडमध्ये अ‍ॅलन ब्लमलाइन यांनी ही कल्पना १९३१ मध्ये पेटंटसाठी मांडली होती. तशा एलपी बाजारात यायला १९५८ उजाडलं. हिऱ्याचं टोक या दोन भिंतींवर रेलून चालतं आणि त्यांच्या उंचसखलपणानं थरथरतं. टोक एका बारीक दांडीला जडवलेलं असतं, तिला कॅन्टिलिव्हर म्हणतात. दांडीच्या दुसऱ्या टोकाला चिमुकलं चुंबक असतं. ते तारेच्या वेटोळ्यांजवळ हललं की वीज निर्माण होते, जेमतेम ४-५ मिलिव्होल्ट. हे झालं मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज. उलटी रचना, म्हणजे चुंबक स्थिर आणि वेटोळी हलती, असेल तर ते मूव्हिंग कॉइल. त्याची वीज आणखी कमी, अर्ध्या मिलिव्होल्टच्या आतबाहेर. पहिल्या प्रकारात सुई हातानं ओढून काढता येते आणि नवी घालता येते. दुसऱ्यात बहुधा येत नाही. शिकायला सुरुवात करायची तर पहिला प्रकारच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मूळ अडचण. रेकॉर्डची मूळ तबकडी कोरणारं यंत्र आपली सुई कडेपासून मध्याकडे सरळ रेषेत नेतं. आपला टोनआर्म, म्हणजे हेडशेल पेलणारा लांब हात, मात्र एका खुंटीभोवती फिरतो, दरवाजा बिजागरीवर फिरावा तसा. त्याचं टोक सरळ रेषेत जाऊच शकत नाही, कमानीत जातं. त्यामुळे कोरणारी सुई खाचेला जशी सामोरी होती, तशी वाचणारी सुई सगळीकडे राहत नाही. काही अंशांनी फिरलेली असते. सरळ रेषेत सरकणारे टोनआर्मही बनवले गेले, पण ते खर्चिक आणि नाजूक. घरोघरी पोचले ते खुंटीवर फिरणारेच.

यावर दोन युक्त्या मिळून उपाय होतो. टोनआर्मचं डोकं थोडं आत वाकवायचं आणि सुई मधल्या खिळ्याच्याही थोडी पुढे जाईल इतकी आर्मची लांबी ठेवायची. या पुढे जाण्याला ओव्हरहँग म्हणतात. दोन्ही गोष्टी अचूक जमल्या की कमानीवरच्या दोन जागी सुई खाचेला तंतोतंत सामोरी येते, आणि बाकी ठिकाणी चूक दोनेक अंशांच्या आत राहते. एरिक लॉफग्रेन यांनी १९३८ मध्ये आणि बेअरवाल्ड यांनी १९४१ मध्ये हे गणित मांडलं. एलपी तोवर आलेलीच नव्हती, ती आली १९४८ मध्ये! सुईची जागा आणि कोन तपासायला आज आपण जो कागदी प्रोट्रॅक्टर वापरतो त्यावरचे दोन ठिपके त्याच गणितातून आलेले आहेत. बेअरवाल्ड पद्धतीत ते मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर पडतात. १९६६ मध्ये स्टीव्हन्सन यांनी वेगळी मांडणी केली: आतला बिंदू थेट शेवटच्या खाचेवर, ६०.३ मिलिमीटरवर ठेवायचा. शेवट बिनचूक, त्याबदल्यात मधल्या भागात चूक थोडी जास्त.

कोणती पद्धत चांगली यावर हौशी लोक रात्ररात्र वाद घालतात. पाश्चात्त्य सिंफनीचा शेवट जोरकस असतो म्हणून स्टीव्हन्सन बरा, असं तिकडे म्हणतात. आपल्याकडे तर द्रुत, तराणा, झाला हे सगळं शेवटीच. ज्यांच्या कपाटात ख्याल आणि वाद्यसंगीत जास्त, त्यांनी स्टीव्हन्सन करून पाहावा. मी स्वतः बेअरवाल्डवर स्थिरावलो आहे, कारण माझ्याकडे तीन-चार मिनिटांच्या गाण्यांच्याही खूप एलपी आहेत आणि त्यांतलं चांगलं गाणं कुठेही असू शकतं. पण खरं सांगायचं तर या दोन पद्धतींतला फरक बारीक आहे. मोठा फरक पडतो तो कुठलीही एक पद्धत नीट पाळण्यानं. कोन चुकल्यामुळे होणारी विकृती लेबलाजवळ वाढत जाते. तोच एक अंश बाहेरच्या कडेच्या मानानं आत दुपटीहून जास्त बोचतो. त्यातून साधारण २३ सेंटिमीटर लांबीच्या आर्मवर ओव्हरहँग एक मिलिमीटर चुकला तर शेवटच्या खाचेत कोन जवळजवळ एक अंशानं बिघडतो. माझी सुई अडीच मिलिमीटर मागे होती. माझ्या ताना का फाटत होत्या, हे मला तो हिशेब केल्यावर कळलं.

आता हात लावू. दिवसाउजेडी बसा, पंखा बंद करा, टेबलावर पांढरं कापड अंथरा म्हणजे पडलेला स्क्रू दिसेल. टर्नटेबल सपाट आहे ना ते आधी पाहा. गवंडी वापरतो ती पाणसळ थाळीवर उभी-आडवी ठेवून बुडबुडा मध्यावर आणा. हे न करता पुढचं काही मोजण्यात अर्थ नाही.

हेडशेलमधल्या चार तारांना रंग असतात: पांढरी डावी, निळी डाव्याची परतीची, लाल उजवी, हिरवी उजव्याची परतीची. कार्ट्रिजच्या मागच्या चार पिनांवर तसेच रंग दिलेले असतात. तारेच्या टोकाची पितळी टोपी चिमट्यात धरायची, तार कधीच धरायची नाही. केसाएवढी तार टोपीतून सुटली की पुन्हा डाग द्यावा लागतो. टोपी सैल वाटली तर आत टाचणी ठेवून चिमट्यानं अलगद दाबा. आणि टोपी पिनेवर असताना डाग देऊ नका, उष्णता थेट आतल्या वेटोळ्यांपर्यंत जाते. हे सगळं होईपर्यंत सुईवरचं झाकण लावलेलंच ठेवा. कार्ट्रिजमध्ये चुंबक असल्यानं लोखंडी स्क्रू ड्रायव्हर हातातून खेचल्यासारखा तिकडे जातो. उघड्या सुईजवळ असा एक हिसका बसला तर दांडी गेली.

स्क्रू इतकेच कसायचे की कार्ट्रिज बोटानं ढकललं तर सरकेल, पण आपोआप हलणार नाही. मग आर्मच्या मागच्या टोकाचं वजन, म्हणजे काउंटरवेट, फिरवून आर्म तराजूच्या दांडीसारखा अधांतरी आडवा तरंगू द्या, तिथे आकड्यांची चकती शून्यावर आणा आणि कंपनीनं सांगितलेल्या वजनापर्यंत फिरवा. हे वजन तात्पुरतं आहे, पण आधी लावायलाच हवं. वजनाखाली दांडी थोडी दबते आणि टोक किंचित पुढेमागे होतं. म्हणून बिनवजनी सुईवर मोजलेला ओव्हरहँग खोटा ठरतो.

आता प्रोट्रॅक्टर. संगणकावरून छापणार असाल तर छपाईत माप लहानमोठं होत नाही ना ते पाहा आणि कागदावरची मोजपट्टी पोलादी पट्टीशी ताडून बघा. दहा सेंटिमीटरला एक मिलिमीटर कमी भरला तरी तो कागद फेकून द्या. थाळी फिरणार नाही अशी दाबून ठेवा, कागदाच्या भोकातून खिळा घट्ट बसू द्या. आतल्या ठिपक्यावर सुई हलकेच टेकवा. ठिपक्याभोवती समांतर रेघांची जाळी असते. एका डोळ्यानं, बरोबर समोरून बघा. बघायचं ते दांडीकडे. कार्ट्रिजची चौकोनी पेटी जाळीशी समांतर दिसली म्हणून दांडीही समांतर असेल असं नाही, कारण स्वस्त सुयांत दांडी जराशी तिरकी बसलेली अनेकदा आढळते. घड्याळजी डोळ्याला लावतात ते भिंग दीडदोनशे रुपयांत मिळतं, ते इथे फार कामाला येतं. दांडी फारच आखूड असेल तर अर्ध्या मिलिमीटरच्या पेन्सिलीची एक शिसकांडी कार्ट्रिजच्या पुढच्या तोंडाला चिकटपट्टीनं लावा. ती लांबवर जाते, त्यामुळे अंशभराचा तिरकेपणाही लगेच डोळ्यांत भरतो.

आतल्या ठिपक्यावर जमलं की बाहेरच्या ठिपक्यावर जा. तिथे वाकडं दिसेल. कार्ट्रिज किंचित पुढे किंवा मागे घ्या, किंचित वळवा, पुन्हा आत या. तिथलं बिघडलेलं असेल, ते सुधारा, पुन्हा बाहेर जा. पहिल्यांदा मला यात दीड तास गेला होता आणि मान धरली होती. आता वीस मिनिटं लागतात. दोन्ही ठिपक्यांवर टोक ठिपक्यातच आणि दांडी रेघांना समांतर, असं झालं की स्क्रू आळीपाळीनं थोडे थोडे कसा. एकच स्क्रू आधी पूर्ण कसला तर पेटी फिरते आणि दीड तासाची मेहनत पाण्यात जाते. कसून झाल्यावर पुन्हा एकदा दोन्ही ठिपके तपासा.

टेक्निक्सच्या एसएल-१२०० घराण्यातलं टर्नटेबल असेल तर सुरुवात सोपी आहे. हेडशेल काढून त्याच्या मागच्या रबरी वायसरपासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिलिमीटर भरले की कंपनीच्या हिशेबाचा ओव्हरहँग जमला. काही टर्नटेबलांवर मात्र कार्ट्रिज पुढेमागे सरकवायला जागाच नसते. त्यांनी प्रोट्रॅक्टरचा हा सगळा भाग सोडून वजनाकडे वळावं.

वजनाबद्दल माझा आग्रह आहे, कारण सर्वांत जास्त रेकॉर्डी इथेच मरतात. हलकं ठेवलं की रेकॉर्ड कमी झिजते, ही समजूत सगळीकडे आहे आणि ती चूक आहे. वजन कमी पडलं की जोराच्या जागी सुईचं टोक भिंतीवरून उडतं आणि परत आदळतं. हिऱ्याचा तो आघात मऊ प्लॅस्टिकवर कायमचा उमटतो. पुढे सुई कितीही चांगली बसवा, ती चरचर ऐकू येतच राहते. टोक भिंतींना चिकटून सरकत असेल तर झीज कितीतरी कमी. म्हणून कंपनीनं दिलेल्या पट्ट्यातलं वरच्या निम्म्यातलं वजन घ्यावं. ऑर्टोफॉन टू-एम रेडला पट्टा १.६ ते २.० ग्रॅम आहे आणि कंपनी १.८ सांगते. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई ला १.८ ते २.२, शिफारस २.०. काउंटरवेटच्या चकतीवर पूर्ण विसंबू नका. सोनाराकडे असतो तसला ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. त्यात दोन गोष्टी सांभाळा. काट्याची ताटली लोखंडी असेल तर कार्ट्रिजचं चुंबक तिला चिकटू पाहतं आणि आकडा खोटा येतो. आणि मोजताना सुई रेकॉर्डच्या पृष्ठभागाच्या उंचीवरच असायला हवी. जाड काट्यावर आर्म वर उचललेला असताना काही आर्मांवर वेगळं वजन भरतं.

आर्मची उंची हा विषय मी मुद्दाम थोडक्यात सांगतो. रेकॉर्ड वाजत असताना आर्म बाजूनं पाहिला की रेकॉर्डला समांतर दिसला पाहिजे. मागून उचललेला असला तर आवाज बहुधा टोकदार लागतो, बसलेला असला तर मंद. एवढं जमलं की थांबा. पातळ रेकॉर्ड काढून १८० ग्रॅमची जाड रेकॉर्ड लावली की दरवेळी उंची बदलणारे लोक मी पाहिले आहेत. २३ सेंटिमीटरच्या आर्मवर एक अंश बदलायला खुंटी तब्बल ४ मिलिमीटर वरखाली करावी लागते. रेकॉर्डच्या जाडीतला अर्ध्या मिलिमीटरचा फरक म्हणजे अंशाचा आठवा भाग. तो वेळ रेकॉर्ड पुसण्यात घालवलेला बरा.

समोरून पाहताना मात्र चोखंदळ राहा. भिंत बांधताना ओळंबा लावतात तशी सुई रेकॉर्डवर ओळंब्यात उभी हवी, नाहीतर डावं-उजवं एकमेकांत मिसळतं. थाळीवर छोटा, पातळ आरसा ठेवा, त्यावर सुई हलकेच टेकवा आणि समोरून बघा. कार्ट्रिजच्या कडा आणि त्यांचं आरशातलं प्रतिबिंब यांची एकच सरळ उभी रेघ झाली पाहिजे. मध्ये कोपरा पडत असेल तर तितकं डोकं कललेलं आहे. सुटं हेडशेल असेल तर त्याची कडी सैल करून किंचित फिरवता येतं.

उरलं अँटिस्केटिंग. टोनआर्मचं डोकं आत वाकवलेलं असतं, हे वर आलंच. त्यामुळे खाच सुईला जी ओढ देते ती खुंटीच्या रोखानं सरळ जात नाही, जरा बाजूनं जाते आणि आर्म लेबलाकडे ओढला जातो. आतल्या भिंतीवर भार वाढतो, बाहेरच्या भिंतीवर कमी होतो. ही ओढ तोलायला आर्मला बाहेरच्या बाजूला दिलेली उलटी ओढ म्हणजे अँटिस्केटिंग. बाहेरची भिंत उजव्या स्पीकरची. म्हणून जोराच्या जागी उजवीकडचा आवाज आधी फाटत असेल तर अँटिस्केटिंग कमी पडतंय, डावीकडचा फाटत असेल तर जास्त झालंय. सुरुवातीला सुईच्या वजनाचाच आकडा ठेवा आणि मग कानानं थोडं कमीजास्त करा. खाच नसलेल्या गुळगुळीत तबकडीवर आर्म स्थिर राहीपर्यंत फिरवत बसण्याची एक जुनी रीत आहे. ती मला पटत नाही. सपाट जागेवर सुईचं टेकणं वेगळं आणि गाणं कोरलेल्या खाचेत दोन भिंतींमधलं घर्षण वेगळं.

कार्ट्रिज आणि आर्म एकमेकांना साजेसे आहेत का, हे विकत घेण्याआधीच बघायला हवं. दांडी रबरावर तोललेली असते, म्हणजे तिला स्प्रिंगचा लवचीकपणा आहे; आर्मला वस्तुमान आहे. दोन्ही मिळून झोपाळ्यासारखी एक स्वतःची लय तयार होते. ती ८ ते १२ हर्ट्झच्या मध्ये हवी. त्याखाली गेली तर वाकलेल्या रेकॉर्डच्या चढउतारावर आर्म डुलायला लागतो, वर गेली तर संगीताच्या खर्जाला भिडते. हिशेब सोपा आहे: आर्मचं परिणामी वस्तुमान, कार्ट्रिज आणि स्क्रू यांची ग्रॅममध्ये बेरीज करा, तिला कार्ट्रिजच्या लवचीकपणाच्या आकड्यानं गुणा, वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्यानं भागा. एसएल-१२०० चा आर्म १२ ग्रॅम, टू-एम रेड ७.२, स्क्रू धरून एकूण २०. लवचीकपणाही २०. गुणाकार ४००, वर्गमूळ २०, उत्तर जवळजवळ ८ हर्ट्झ. चालेल, पण अगदी उंबऱ्यावर. डेनॉनचं डीएल-१०३ हे १९६० च्या दशकात जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी घडवलेलं कार्ट्रिज खूप ताठ आहे, त्याला जड आर्मच शोभतो.

कार्ट्रिजची तार अ‍ॅम्प्लिफायरच्या फोनो लिहिलेल्या जागीच जोडायची. कोरताना खर्ज दाबलेला आणि उंच पट्टीतला आवाज उचललेला असतो. १९५४ पासून सर्वमान्य झालेल्या, आरआयएए या अमेरिकन रेकॉर्ड उद्योगसंघटनेच्या वक्रानुसार त्या जागेमागचा फोनो प्रीअ‍ॅम्प ते उलटं करून सरळ करतो. साध्या इनपुटवर जोडलंत तर अगदी क्षीण, चिरका आवाज येईल आणि तुम्ही विनाकारण कार्ट्रिजला दोष द्याल.

आपल्या घरांतला एक प्रश्न इथे येतोच. माळ्यावर एचएमव्हीचा पेटीसारखा जुना रेकॉर्ड प्लेअर असतो, तो दुरुस्त करून त्यावर आजी-आजोबांच्या एलपी ऐकाव्यात असं नातवंडांना वाटतं. त्या पेट्यांत बहुतेक वेळा सिरॅमिक किंवा क्रिस्टल कार्ट्रिज असतं, त्याची सुई पाच ग्रॅम किंवा त्याहून जास्त वजनानं चालते आणि वजन कमीजास्त करायची सोय नसते. त्यावर आठवण म्हणून एखादी रेकॉर्ड जरूर वाजवा, आवडता संग्रह वाजवू नका. तसल्या आर्मवर नवं मॅग्नेटिक कार्ट्रिज बसवण्याचाही खटाटोप करू नये. आणि ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या एलपीच्या सुईनं कधीच लावू नका. त्यांची खाच रुंद असते, तिला ७५ मायक्रॉनच्या आसपास त्रिज्येची सुई लागते. एलपीची बारीक सुई तळाशी जाऊन धूळ उकरत बसते. कार्ट्रिज तेच ठेवून फक्त ७८ ची वेगळी सुई घालता येते, अशी जोडी घेतलेली चांगली.

पावसाळ्यात आपल्याकडे, विशेषतः कोकणपट्टीत, रेकॉर्डींवर बुरशीचे पांढुरके ठिपके धरतात. त्यातून गेलेली सुई टोकाला राखाडी लोकरीसारखा गोळा घेऊन बाहेर येते आणि तो गोळा असेपर्यंत वरची सगळी मोजमापं फुकट. रेकॉर्ड आधी धुऊन वाळवा. सुई ब्रशनं मागून पुढे, म्हणजे खुंटीकडून टोकाकडे, एकाच दिशेनं झाडा. आडवा हात फिरला की दांडी मोडते.

सगळं लागल्यावर तपासायला तुमच्या ओळखीची, शेवटी तान असलेली एलपी घ्या आणि थेट शेवटची चार मिनिटं लावा. 'स' ऐका, तारषड्ज ऐका, तबल्याच्या चाटीवरचा बोल सुटा ऐकू येतो का बघा. स्पीकर डावा-उजवा दोन्ही ऐका. मग तीच रेकॉर्ड सुरुवातीपासून. नव्या सुईचं रबर पहिल्या वीसेक तासांत थोडं सैलावतं, तेव्हा पंधरवड्यानं वजन पुन्हा काट्यावर ठेवा.

मी कार्ट्रिजच्या डबीत एक चिठ्ठी ठेवतो. तिच्यावर बसवल्याची तारीख, वजन, अँटिस्केटिंगचा आकडा आणि वाजवलेल्या बाजूंच्या रेघा, दुकानदार पाच-पाचाच्या जुड्या मारतो तशा. लंबगोल सुईचं आयुष्य ऑडिओ-टेक्निका सुमारे ३०० तास सांगते, मायक्रोलाइनचं १,०००. एका बाजूला वीस मिनिटं धरली तर ३०० तास म्हणजे ९०० बाजू. रोज एक एलपी दोन्ही बाजूंनी ऐकणाऱ्याला सव्वा वर्षात नवी सुई लागते.